घरी लो-कार्ब दही लावायचं तर नेमकं काय केलं की कार्ब खरंच कमी होतात?

मृदगंध:
नमस्कार मंडळी. डॉक्टरांनी कार्ब कमी करायला सांगितल्यापासून बाकी सगळं जमतंय पण दह्यापाशी अडलंय, कारण दही सोडायची माझी अजिबात तयारी नाही आणि विकतच्या "लो-कार्ब" डब्यांची घटकांची यादी वाचली की स्टार्च, घट्ट करायची पावडर, गोडी आणणारं काहीतरी असं एवढं काय काय असतं की ते घ्यावंसं वाटत नाही. म्हणून घरीच लावायचं ठरवलंय. पण वाचायला बसले तर डोकं भंजाळलं. एक जण म्हणतो 100 ग्रॅम दह्यात 5 ग्रॅम कार्ब, दुसरा म्हणतो छे, 2 सुद्धा नसतात कारण बॅक्टेरिया सगळी साखर खातात. कोणी म्हणतं 24 तास उबेत ठेवा म्हणजे साखर शून्य. कोणी म्हणतं कपड्यात टांगून चक्का करा, पाण्याबरोबर कार्ब निघून जातात. कोणी लॅक्टेजचे थेंब टाकायला सांगतं, आणि घट्ट व्हावं म्हणून दूध पावडर घाला हे तर जवळपास प्रत्येक रेसिपीत आहे.

यातलं खरं काय? रोज एक वाटी खायची आहे, दही लावायला येतं मला, तो प्रश्न नाही. फक्त साखर कशी कमी करायची ते कोणी नीट कारणासकट सांगाल का?

ताम्हण:
चांगला प्रश्न विचारलात. सुरुवात दुधापासून करू या कारण दह्यातले सगळे कार्ब तिथूनच येतात, आणि ते म्हणजे लॅक्टोज, दुधातली साखर. दूध गायीचं असो म्हशीचं असो, साय काढलेलं असो नसो, 100 मिलीमागे साधारण पावणेपाच-पाच ग्रॅम लॅक्टोज असतंच. फॅट काढल्याने साखर कमी होत नाही, हा गैरसमज खूप जणांचा असतो. उलट फॅट काढलं की त्या जागी तेवढं पाणी आणि साखर आली, फरक अगदी किरकोळ पण दिशा उलटी.

दूध पावडर मात्र पूर्ण बंद करा. फॅट काढलेल्या दूध पावडरीत जवळपास निम्मं वजन लॅक्टोजचं असतं, त्यामुळे लिटरभर दुधात 50 ग्रॅम पावडर घातलीत तर 25 ग्रॅमच्या आसपास साखर वरून घातल्यासारखंच झालं. दूध आटवून घट्ट दही लावतात तिथेही तेच, पाणी उडतं पण लॅक्टोज उडत नाही, ते दाट होत जातं. घट्टपणा हवा असेल तर दूध 85 डिग्रीपर्यंत नेऊन दहा-पंधरा मिनिटं त्याच तापमानाला ठेवा, ढवळत राहा, झाकण ठेवलंत तर पाणीही फार उडत नाही. एवढ्या उष्णतेला दुधातली व्हे प्रोटीन्स (एरवी दह्याच्या पाण्यात, म्हणजे व्हेमध्ये, उतरणारी) उलगडतात आणि केसिनला (दुधातलं मुख्य प्रोटीन) चिकटतात, त्यामुळे दही जास्त पाणी धरून ठेवतं आणि काहीही न घालता घट्ट लागतं. मग 43-45 ला उतरवून विरजण.

लॅक्टेजच्या थेंबांचं उत्तर सोपं आहे. ते लॅक्टोजचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे करतात, म्हणून ज्यांना दूध पचत नाही त्यांना उपयोगी. पण साखर होती तेवढीच राहते, फक्त गोड जास्त लागते आणि ग्लुकोज सुटं झाल्यामुळे रक्तात लवकर जाते. तुमच्या कामासाठी त्याचा उपयोग नाही. "लॅक्टोज-फ्री" लिहिलेल्या दुधाचंही बऱ्याचदा तेच, मागचा साखरेचा आकडा वाचल्याशिवाय घेऊ नका. त्याउलट अल्ट्राफिल्टर केलेलं दूध मिळालं तर ते खरंच कामाचं आहे, गाळणीतून लॅक्टोज बाहेर काढलेलं असतं, साधारण निम्मं राहतं आणि प्रोटीन वाढलेलं असतं, दहीही छान घट्ट लागतं त्याचं.

जुनीवही:
आकडे वेगवेगळे का दिसतात ते मी सांगते, मी यावर बरंच वाचून डोकं घातलंय.

लेबलवरचे कार्ब अनेक ठिकाणी मोजलेले नसतातच, वजाबाकीने काढलेले असतात. 100 मधून पाणी, प्रोटीन, फॅट आणि खनिजं वजा करायची, उरलं ते सगळं कार्ब म्हणायचं. आता दह्यात लॅक्टिक ॲसिड असतं, साधारण 1 टक्का, फार आंबट असेल तर दीडपर्यंत, आणि ते ना पाणी ना प्रोटीन ना फॅट, म्हणून या हिशोबात तेही कार्बमध्येच जाऊन बसतं. म्हणून कितीही आंबवलेलं दही असलं तरी वजाबाकीचा आकडा दुधाएवढाच दिसतो. ज्यांनी प्रत्यक्ष साखर मोजली त्यांचा आकडा कमी येतो. तर 5 म्हणणारे अगदी खोटे नाहीत पण साखर तेवढी नसते, आणि 2 म्हणणारे जरा जास्तच उत्साहात आहेत.

अंदाज करायची एक सोपी रीत आहे. बॅक्टेरिया जेवढी साखर संपवतात जवळपास तेवढ्याच वजनाचं ॲसिड तयार होतं. म्हणजे 4.8 ग्रॅम लॅक्टोजच्या दुधाचं 1 टक्का ॲसिडवालं दही झालं तर साखर उरली 3.8 च्या आसपास. चांगलं कडक आंबट झालं, दीड टक्का, तर 3.3. हेच वास्तव आहे. 24 तास ठेवून साखर शून्य होते हे पटण्यासारखं नाही, कारण ती सगळी साखर ॲसिड झाली असती तर दही जवळपास 5 टक्के ॲसिडचं झालं असतं आणि तोंडात धरवलं नसतं. मुळात बॅक्टेरियाच तिथपर्यंत पोचत नाहीत, दही लावणाऱ्या दोन मुख्य जातींपैकी आंबटपणा वाढला की आधी थर्मोफिलस मंदावतो, मग बल्गॅरिकस, pH (आंबटपणाचं माप, आकडा कमी तेवढं जास्त आंबट) 4 च्या खाली गेलं की दोघंही जवळपास थांबतात. स्वतःच केलेलं ॲसिड त्यांना थांबवतं.

आणि अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही. हे बॅक्टेरिया लॅक्टोज तोडतात तेव्हा बहुतेक जाती फक्त ग्लुकोज हा अर्धा भाग वापरतात आणि गॅलॅक्टोज परत बाहेर टाकतात. म्हणून "लॅक्टोज निम्मं झालं" हे खरं असलं तरी साखर निम्मी झाली असं होत नाही, त्यातला बराच भाग गॅलॅक्टोज म्हणून दह्यातच असतो. गॅलॅक्टोजने रक्तातली साखर ग्लुकोजइतकी चढत नाही हे बरं आहे, पण मोजायचं तर मोजावं लागतं.

तरी जास्त वेळ ठेवण्याला माझा पाठिंबा आहे, अर्धा-एक ग्रॅम का होईना कमी होतो. फक्त तापमान सांभाळा. 6-8 तासात लागणारं दही 42-43 ला छान होतं पण तेवढ्या उबेत 24 तास ठेवलं तर पाणी सुटून फाटल्यासारखं दिसतं, त्यापेक्षा 38-40 ला ठेवा, हळूहळू आंबेल आणि पोत टिकेल. 50 च्या वर गेलं तर विरजण नीट काम करत नाही.

मृदगंध:
बापरे केवढी माहिती. दोघांचेही मनापासून आभार. म्हणजे पावडर बंद, थेंब बंद, वेळ वाढवली तर थोडासा फायदा. मग चक्क्याचं काय? मला तोच सगळ्यात पटलेला उपाय वाटत होता कारण साखर पाण्यात विरघळलेली असते आणि आपण पाणीच काढून टाकतो, मग कार्ब कमी व्हायलाच हवेत ना? आणि दुधात क्रीम घालून लावलं तर?

काटेकोर:
चक्क्याबद्दल मी लिहितो, जरा आकडेमोड आहे पण एकदा बघाच, कारण इथेच बहुतेक जण फसतात.

1 लिटर दूध घ्या, 48 ग्रॅम लॅक्टोज. नीट आंबवल्यावर समजा 35 ग्रॅम साखर उरली, म्हणजे 100 ग्रॅमला 3.5. आता टांगून त्याचं अर्धा किलो केलंत. साखर पाण्यात विरघळलेली आहे, बरोबर, पण जे पाणी चक्क्यात उरलंय त्यातही ती तेवढीच दाट आहे! मूळच्या अंदाजे 880 ग्रॅम पाण्यातलं 415 चक्क्यात राहिलं, तर साखरही त्याच प्रमाणात, साडेसोळा ग्रॅम राहिली. अर्धा किलोत साडेसोळा म्हणजे 100 ग्रॅमला 3.3. बघा, 3.5 चं 3.3 झालं, बस्स. साबणाच्या पाण्यातून काढलेला कपडा नुसता पिळल्यासारखं आहे हे, कितीही पिळा, आत उरलेलं पाणी साबणाचंच असतं.

मग चक्का बिनकामाचा आहे का तर मुळीच नाही. प्रोटीन दुप्पट झालं, 100 ग्रॅमला 3 चं 6 च्या घरात गेलं, म्हणून कमी खाऊन पोट भरतं. पूर्वी 200 ग्रॅम दही खात असाल आणि आता 100 ग्रॅम चक्क्यात समाधान होत असेल तर कार्ब 7 वरून 3.3 वर आले. पण तीच वाटी तेवढीच भरून खाल्लीत तर फायदा जवळपास नाही, हे नक्की लक्षात ठेवा.

खरा उपाय पुढचा आहे आणि तो फार कमी लोक करतात. चक्का धुवायचा. अर्धा किलो चक्क्यात अर्धा लिटर उकळून पूर्ण गार केलेलं पाणी घाला, गुठळ्या मोडेपर्यंत हलक्या हाताने फेटा, आणि परत कपड्यात घालून अर्धा किलो होईपर्यंत निथळू द्या. आता साडेसोळा ग्रॅम साखर 915 ग्रॅम पाण्यात पसरली आणि त्यातलं 415 च आपण ठेवलं, म्हणजे उरली साडेसात ग्रॅम. 100 ग्रॅमला दीड! दुसऱ्यांदा धुतलंत तर 0.7. चीज करणारे लोक गौडासारख्या चीजमध्ये हेच करतात, दही मोडून झाल्यावर थोडं व्हे काढून कोमट पाणी घालतात म्हणजे लॅक्टोज कमी होऊन चीज कमी आंबट होतं.

आता तोटेही सांगतो. पाण्याबरोबर ॲसिड जातं म्हणून चव मिळमिळीत होते, चिमूटभर मीठ लागतंच. पोटॅशियम जातं, बी-2 जीवनसत्त्व जातं (दह्याच्या पाण्याला जो हिरवट पिवळा रंग असतो तो त्याचाच), आणि कॅल्शियमही बऱ्यापैकी जातं कारण दूध आंबट होताना केसिनला धरून बसलेलं कॅल्शियम सुटून पाण्यात उतरतं. म्हणून माझं मत, एकदा धुवा, दोनदा नको. दुसऱ्या वेळेला जे मिळतं ते अर्धा-पाऊण ग्रॅम, आणि जे जातं ते मला जास्त वाटतं. निथळायचं काम फ्रिजमध्येच करा, बाहेर तासन् तास टांगून ठेवू नका, पाणी घातल्यावर आंबटपणा कमी झालेला असतो आणि त्याचं संरक्षणही कमी झालेलं असतं.

ताम्हण:
क्रीमचं मी सांगते. 35 टक्के फॅटच्या क्रीममध्येही 100 ग्रॅमला 3 ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज असतंच, ते शून्य नसतं. अर्धं दूध अर्धं क्रीम घेतलंत तर सुरुवात 4.8 ऐवजी 3.9 ने होते, म्हणजे 100 ग्रॅमला एक ग्रॅमही वाचला नाही आणि कॅलरी कितीतरी वाढल्या. केटो (अगदी कमी कार्ब, भरपूर फॅटचा आहार) करणारे वेगळ्या कारणासाठी घालतात, त्यांना फॅट हवंच असतं. तुम्हाला नुसते कार्ब कमी करायचे असतील तर लावताना क्रीम घालण्यापेक्षा काटेकोर यांनी सांगितलेला धुतलेला चक्का घ्या आणि खाताना त्यात चमचाभर क्रीम फेटा, धुतल्यावर जो खरखरीतपणा येतो तो लगेच जातो.

शांतनदी:
मला जरा वेगळं म्हणायचंय, राग नसावा. रोजची एक वाटी म्हणजे दीडशे ग्रॅम धरा, साधं घरचं आंबट दही, काही न धुता काही न टांगता, 5-6 ग्रॅम कार्ब. जो दिवसाला 100-120 ग्रॅम कार्ब खाणार आहे त्याने यासाठी एवढा खटाटोप का करावा? त्याऐवजी त्या जेवणातला स्टार्च थोडा कमी केला की झालं, आणि कॅल्शियमही जागेवर राहतं. ज्यांना दिवसाला 20-30 ग्रॅममध्ये बसायचंय त्यांच्यासाठी मात्र 3-4 ग्रॅम वाचणं खूप आहे, त्यांनी जरूर धुवावं. मृदगंधताई, तुम्हाला दिवसाचा आकडा किती दिलाय ते आधी बघा, त्यावरून ठरवा. दह्याने साखर तशीही हळू चढते, ॲसिड आणि प्रोटीन असल्यामुळे.

काटेकोर:
शांतनदी, पटलं. दिवसाचा आकडा हवाच, त्याशिवाय चर्चा अर्धवट आहे.

पाऊलवाट:
सोया दुधाचा विषय कोणीच काढला नाही म्हणून लिहितेय. साखर न घातलेलं, घटकांमध्ये फक्त सोयाबीन आणि पाणी असलेलं सोया दूध बघा, त्यात 100 मिलीला बहुतेक वेळा एक-दीड ग्रॅमच्या आतच कार्ब असतात आणि प्रोटीन दुधाएवढं, तीन ग्रॅमच्या पुढे. आणि हे खरोखर लागतं, कारण सोयाचं प्रोटीनही आंबट झाल्यावर गोठतं. मी साध्या दह्याचं विरजण घेते, लिटरला दोन चमचे, 42 च्या आसपास, आणि बॅक्टेरियांना खायला म्हणून लिटरला एक चमचा साखर. घाबरू नका, ती 5 ग्रॅम साखर सगळीच्या सगळी उरली असं धरलं तरी 100 ग्रॅमला अर्धा ग्रॅम होते, आणि त्यातली बरीचशी आंबवण्यात संपते. सोयात लॅक्टोज नसल्यामुळे ही मदत केली की दही लवकर आणि नीट लागतं.

चव वेगळी असते हे खरं, सोयाचा वास येतो थोडा, मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याने तो झाकला जातो. बदामाच्या दुधाचं मात्र लागत नाही, त्यात प्रोटीनच नगण्य असतं, आंबतं पण पातळच राहतं. नारळाच्या दुधालाही आगर-आगर किंवा तसं काही घालावंच लागतं. तेव्हा कमी कार्बमध्ये खरं घट्ट दही हवं असेल आणि धुवायचं नसेल तर सोया.

जुनीवही:
एक गोष्ट राहिली, सगळ्यांसाठीच. कुठेतरी ग्लुकोमीटरची पट्टी दह्यात बुडवून "साखर नाही" असं दाखवतात, त्यावर विश्वास ठेवू नका. ती पट्टी ग्लुकोज ओळखते, लॅक्टोज नाही, आणि ती रक्तासाठी बनवलेली असते, दह्यासाठी नाही. दुधातही तसाच कमी आकडा येईल आणि दूध काही लो-कार्ब नाही. खरं बघायचं असेल तर दही खायच्या आधी आणि दीड-दोन तासांनी स्वतःचं रक्त तपासा, तेच तुमच्या शरीराचं उत्तर.

आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर कार्ब अचानक कमी करताना डॉक्टरांना सांगूनच करा, कारण तीच गोळी कमी कार्बवर जास्त जोरात काम करते आणि साखर खूप खाली जाऊ शकते. हे खरंच गंभीर आहे. किडनीचा त्रास असलेल्यांनी चक्क्याचं दुप्पट प्रोटीनही विचारूनच घ्यावं.

मृदगंध:
तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, काय बोलू. गोळ्या नाहीत मला अजून, पण सांगितलंत ते चांगलं केलंत, दुसरं कोणी वाचेल त्याला उपयोग होईल. दिवसाला 50 ग्रॅमच्या आत राहायला सांगितलंय, म्हणजे शांतनदी म्हणतात तसं मी मधल्या गटात आले. मी असं ठरवतेय की 40 डिग्रीला 20-24 तास, मग टांगून एकदा धुवायचं, आणि आठवड्यातून एखाद्या वेळेस सोयाचं. दोन शेवटचे प्रश्न. टांगल्यावर निघालेलं पाणी मी प्यायले तर चालेल का, टाकवत नाही. आणि पुढचं विरजण धुतलेल्या चक्क्यातून घेऊ का पाण्यातून?

काटेकोर:
पहिलं पाणी म्हणजे तीच सगळी साखर, एका पेल्यात सहज 7-8 ग्रॅम. तुम्ही नका पिऊ, घरात ज्यांना चालतं त्यांना द्या, त्यात कॅल्शियम आणि बी-2 आहेच. धुतल्यानंतरचं दुसरं पाणी अगदी पातळ असतं, तेही प्यायचं असेल तर साखर धरून मोजा, पेल्याला साडेतीन-चार ग्रॅमच्या आसपास.

ताम्हण:
विरजण दोन्हीतून नको. 24 तासांच्या दह्यातले बॅक्टेरिया आंबटपणाने थकलेले असतात आणि तेच पुढे पुढे वापरत गेलं की दर वेळेला दही जास्त आंबट आणि कमी घट्ट होत जातं. दूध विरजलं की एका छोट्या भांड्यात थोडं वेगळं लावा, 6-7 तासात नुकतं लागलं की ते भांडं फ्रिजमध्ये टाका, बाकीचं मोठं भांडं 24 तास चालू राहू दे. त्या छोट्या भांड्यातलं दही आठवड्याच्या आत पुढच्या विरजणाला वापरा, लिटरला एक-दोन चमचे पुरे, जास्त घालू नका. धुतलेला चक्का मात्र तीन-चार दिवसांत संपवा, आंबटपणा निघून गेल्यामुळे तो साध्या दह्याइतका टिकत नाही.